नानांचं लाइक

आमचे आबा गेले तेव्हाचं सांगतो. बातमी मी ग्रुपवर टाकली आणि धरणगावच्या नानांनी, आबांच्या जिवलग मित्रानं, तिला चक्क लाइक केलं! माझं डोकंच फिरलं. धुळ्याहून फोन लावला.

"नाना, लाइक म्हणजे आवडलं! आबा गेले ते आवडलं तुम्हाला?"

नाना म्हणाले, "भाऊ, दुःखना दारवर लोके येतस, ते काय बोलतस? येतस, घडीभर बठतस, उठी जातस. माले आते चालता येत नही. म्हनीसन तठे ग्रुपवर येईसन बठनू."

फोन ठेवून मी ग्रुप उघडला. बातमी टाकली त्याच मिनिटाचं लाइक होतं. आमच्या दारावर सगळ्यांत आधी नाना आले होते.