आळस न्हाई, थायरॉईड

जालन्याच्या दवाखान्यात नंबरची वाट पाहणाऱ्या तृप्तीच्या शेजारी केदारखेड्याची एक म्हातारी बसली होती. तिची सून तपासणी करून बाहेर आली.

"मंग? काय म्हणला डॉक्टर?"

"थायरॉईड हाय, आत्याबाई. गळ्यात फुलपाखरावानी ग्रंथी असती, श्वासनळीच्या दोन्ही अंगाला पंख पसरून."

"तुझ्याच गळ्यात?"

"समद्यांच्याच. मिठातलं आयोडीन घेऊन ती हार्मोन बनवती, बारीक पिशव्यांत साठवती, लागंल तसं रक्तात सोडती. त्याच्यावर अंग चालतं. माझी कमी बनवून राह्यली, म्हणून झोप येती."

"म्हंजी आळस न्हाई?"

"बिलकुल न्हाई. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची."

"पर तुझ्या नवऱ्याला, सोमेश्वरला, मी शब्द दिलाय, ह्या आळशीला आज म्हायेरी सोडून येते म्हणून."

"दुखण्यापायी माणूस घरातून काढायचं असंल, तर तुमच्या गुडघ्यांपायी तुमाला कुठं सोडायचं?"

सून दाराकडे वळली.

"कुठं निघालीस?"

"केदारखेड्याला. माझ्या घरी. येता का?"

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिला वाट द्यायला तृप्तीनं पाय आखडून घेतले.