शॉकपची जोडी

गाडीत बसल्यावर ‘हा आवाज कसला?’ असं विचारायचं नाही! आमच्या घरचा नियम. का? तेही विचारायचं नाही. मागून धाडकन काहीतरी आपटो, खालून कोणी कण्हल्यासारखं होवो, आपण बाहेर बघायचं आणि म्हणायचं, ‘वारा छान आहे.’

तुम्हाला सांगते, गाडी साधी नाही हो, विलायती! मुंबईतल्या कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून पपांनी आणली. चारी चाकांनी ओढणारी, चामड्याच्या खुर्च्यांची, डोंगर चढणारी, वाळवंट तुडवणारी... आणि आम्ही राहतो कुठे? होळी गावात, सपाट किनारपट्टीला! केळीच्या वाडीचा बांध चढायचा म्हटला तरी ती पोट भरलेल्या म्हशीसारखी डाव्या कुशीवर कलते. कारण मागचे शॉकप, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारे दांडे, गेलेत. कधी? मी मॅट्रिकला होते तेव्हा, आणि आता बीएस्सी होऊन बसलेय!

मग डावीकडची स्प्रिंग बसली. आमचे पापडीचे हरेश्वर मिस्त्री, त्यांनी काय करावं? ट्रकच्या जुन्या टायरचे तुकडे कापून स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये कोंबले. गाडी थोडी उठली, पण आता रस्त्यातला खडा न् खडा थेट दाढेत कळतो! आणि उरलेला कल कोणी काढायचा? माणसांनी! रविवारी देवळात निघालो की पपा जागा वाटणार. ‘फ्लॉसी, तू उजवीकडे. ऑगस्टीनदादा, तुम्ही पण उजवीकडेच. कॅथी, तू मध्ये, घट्ट बस.’ म्हणजे मी पॅकिंग! आणि फ्लॉसी आत्याला बिचारीला अजून वाटतं की ती मानाची जागा आहे. मी एकदा तोंड उघडलं तर ऑगस्टीनकाका गरजले, ‘चार बुकं शिकली म्हणून मोठ्यांना विचारणार काय गं?’ वारा छान आहे, काका, वारा छान आहे!

बरं, नवे शॉकप घ्या ना! तर मिळत नाहीत. मुंबई पालथी घातली. दुसऱ्या गाडीचे बसवा म्हटलं तर पपांचा चेहरा असा, की जणू मी देवळातल्या आल्तारावरची मेणबत्ती चोरली. ‘तिला तिचंच लागतं, कॅथी.’ तिला तिचंच! मला काय लागतं, ते विचारलंत कधी?

आणि मागच्या महिन्यात, जेवताना, फ्लॉसी आत्या म्हणाली, ‘व्हिन्सेंट, कॅथीला एक स्थळ आहे. सेबॅस्टियन. मस्कतला असतो.’ पपा जेवतायत. ‘मुलगा निर्व्यसनी आहे.’ पपा जेवतायत. ‘गॅरेजात आहे, आपल्यासारख्याच गाड्यांच्या.’ घास थांबला! तुम्हाला सांगते, मी फर्स्ट क्लासात पास झाले तेव्हा थांबला नव्हता तो घास!

दुसऱ्याच दिवशी मस्कतला पत्र. त्यात माझं वर्णन दोन ओळी, आणि शॉकपचं एक पान, मापांसकट, गाडीत कोण कुठे बसतं त्यासकट! मी सांगतेय, अहो, मला विरारच्या शाळेतून पत्र आलंय, सायन्स शिकवायचंय, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचंय... तर मम्मी हळूच म्हणते, ‘शाळा काय, कुठे पळून जाते?’ शाळा नाही पळणार, मम्मी, जागा जाईल! पण ऐकतंय कोण? सगळे कान मस्कतकडे.

मग मी काय केलं? गाडी हरेश्वर मिस्त्रींकडे होती तेव्हा थेट त्यांच्या गॅरेजात गेले आणि जे विचारायचं नाही तेच विचारलं. ‘मिस्त्री, हा आवाज कसला?’ मिस्त्री गाडीखाली शिरले, बाहेर आले, हात पुसत बसले. म्हणाले, ‘बाय, कोनाला सांगू नको, माझ्यावर येल. तुझा पपा दर रविवारी राजोडीला वाळूत गाडी फिरवतो ना, लोकांना दाखवाया? खारं पानी लागून सगळं सडलं. शॉकप ज्या पट्टीला लावायचा ती पट्टीच नाय आता! सोन्याचा आनलास तरी लावनार कुठं?’

ऐकलंत? लावायला जागाच नाही! आणि इथे माझं लग्न लावतायत!

काल दुपारी सेबॅस्टियन आला. बॅग उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन शॉकप काढले आणि टेबलावर, केकच्या शेजारी ठेवले. चकचकीत! पपांचे डोळे भरून आले हो! मग तो उठला, अंगणात गेला, गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. ‘एकदा उठून थांबायला हवी. ही चारदा हलते.’ आत येऊन मला म्हणाला, ‘तुम्ही मध्ये बसता ना? कमरेला त्रास होत असेल.’ आता काय सांगू? इतक्या वर्षांत हे मला विचारणारा पहिला माणूस तो! माणूस वाईट नव्हता, तोच तर घोळ.

पण ऑगस्टीनकाकांनी लगेच टेबलावर थाप मारली. ‘मग फादरना सांगू या, येत्या रविवारपासून देवळात लग्नाची नावं वाचा!’

मी म्हटलं, ‘थांबा. ती पट्टी सडलीय. शॉकप लागणारच नाहीत.’

वाटलं, आता तरी! तर पपा म्हणतात, ‘मग सेबॅस्टियन पट्टीही आणेल. जावई आहे म्हटल्यावर...’

तेव्हा मी उठले. म्हटलं, ‘पपा, मी सोमवारी विरारला शाळेत रुजू होतेय. हे लग्न मी करणार नाही. आज नाही, पट्टी आल्यावर नाही, अख्खी नवी गाडी आली तरी नाही!’

काका गरजतायत, आत्या कपाळ बडवतेय, मम्मी खाली बघतेय. सेबॅस्टियन तेवढा उठला, मला म्हणाला, ‘शाळेला शुभेच्छा,’ आणि मग पपांकडे वळून, अगदी सरळ मनाने, ‘मग हे शॉकप मी परत नेऊ का?’

आणि सगळे गप्प झाले. असे गप्प, की माझ्या नकाराला कोणी झाले नव्हते!