बाहेरची खोली, मुलुंड शाखा

नाही, मला एवढंच सांगा, ऑफिसातून दमून आलेल्या माणसानं स्वतःच्या घरात बसायचं कुठं? हसू नका हो! दाराबाहेर चपलांचा हा ढीग, माझी चप्पल काढायला जागा नाही. आत डोकावलो तर माझ्या वेताच्या खुर्चीत चंद्रप्रकाश सर, खाली सतरंजीवर लोकांची कार्टी खचाखच भरलेली, आणि सगळ्यांचं एका सुरात साइन थीटा, कॉस थीटा... मी म्हटलं, "सर, जरा..." तर मान वर न करता मलाच म्हणतात, "उशीर झालाय, मागे बसा!" मला! माझ्या घरात!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या कुंदानं आणलं. कुंदा म्हणजे आमची ही. आमची माणिक यंदा दहावीला, गणित कच्चं, ते बापावर गेलंय असं हिचं मत. आणि आपल्या मुलुंडात क्लासेसचं पीक कसलं आलंय, बघताय ना? पूर्वी शिकवणीला नापास पोरगं जायचं, तेसुद्धा कुणी बघत नाही ना बघून. आता पहिला येणारा सगळ्यांच्या आधी जातो! चंद्रप्रकाश सरांकडे तर ॲडमिशन फुल्ल. ही गेली, रडकुंडीला आली, तेव्हा सर हळूच म्हणाले, "वहिनी, तुमचा तळमजला ना? बाहेरची खोली केवढी आहे?"

झालं! संध्याकाळी ही पेढे घेऊन हजर. "अहो, माणिकला ॲडमिशन मिळाली! आणि आपल्याला शाखा!" मी म्हटलं, "अगं, पण मी बसायचं कुठं?" तर म्हणे, "स्वयंपाकघरात ओट्याजवळ पाट टाकते की. बसल्या बसल्या मटार सोला."

सोलले. मटार सोलले, लसूण सोलला, पोरीच्या दहावीसाठी बाप काय करत नाही? पण पुढची गंमत ऐका. आठवडाभरात सर म्हणतात, "माणिकचं इथं लक्ष लागत नाही. आत फोडणी चुरचुरली की हिची मान वळते. आजपासून नियम, ज्याच्या घरी शाखा, त्याच्या मुलानं दुसऱ्या शाखेत बसायचं." आणि ही लगेच, "बरोबर आहे सर, पिकतं तिथं विकत नाही!" म्हणजे बघा हां... खोली माझी, खुर्ची माझी, पंखा माझा, आणि माझी पोरगी घाटकोपरला, जयंतीभाईंच्या हॉलमधल्या शाखेत! आणि जयंतीभाईंची हेतल आमच्याकडे!

आता पोरीला एकटीला कशी सोडायची? म्हणून मी सोबत. वर पालकांना मनाई, म्हणून बिल्डिंगच्या ओट्यावर टेकायला गेलो, तर तिथं आधीच कोण? खुद्द जयंतीभाई! "आवो आवो श्यामकांतभाई! अपने ही घर में मेरे को मना है. टीवी बंद, फोन बंद, खाँसी भी बंद!" शेजारी राघवन. त्याच्याकडे भांडुप शाखा, म्हणून त्याचा मुलगापण इथं. "हमारा हॉल तो गया जी. एक महिना मैं मंदिर में बैठा. अब पुजारी भी पूछता है, घर नहीं है क्या?"

तऱ्हा मात्र शाखेशाखेची वेगळी हां! जयंतीभाईंकडे आधी खाकरा, मग भूमिती. राघवनकडे आधी पाय धुवायचे, मग भूमिती. आमची कुंदा आधी शुभंकरोती म्हणायला लावते, हेतलला तर आता पाठ झालंय. नोट्स मात्र तिन्हीकडे त्याच, आणि बाप तिन्हीकडचे बाहेर!

पण खरं सांगू? त्या ओट्यावर मला बरं वाटायला लागलं. वारा झकास, वरून ढोकळ्याची बशी यायची, राघवनच्या ट्रान्झिस्टरवर मॅच. म्हटलं चला, देवानं कुठंतरी बूड टेकायला जागा दिली. आणि भांडू तरी कुणाशी? परवाच माणिक चाचणीचा पेपर नाचवत आली, "बाबा, गणितात सत्तर!" अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला बोलू?

काल आम्ही तिघं असेच बसलोय, तर सरांची स्कूटर आली. सर उतरले, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, वर बघितलं, खाली बघितलं... आणि म्हणाले, "वा, काय हवेशीर जागा! एक ट्यूबलाइट लावली की नववीची बॅच इथं आरामात बसेल." मी अक्षरशः हात जोडले. म्हटलं, "सर, आता मी बसायचं कुठं?"

सरांनी चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे. म्हणाले, "श्यामकांतराव, मुलीचं दहावीचं वर्ष, आणि तुम्ही बसताय कसले?"

बोला! जयंतीभाई उठले. राघवन ट्रान्झिस्टर बंद करून उठला. आणि स्कूटरवरून काढलेली सतरंजी सर एकटे कुठं अंथरणार, म्हणून दुसरं टोक मी धरलं.