बाहेरचा काय करतोय?

...आणि तुम्हाला सांगतो, देशाचा अख्खा बाजार मी एका अंगठ्याने फिरवलाय! या, या अंगठ्याने! म्हणजे... देशाचा नव्हे हो, आमच्या शेअर-दलालाच्या ऑफिसातला. आणि बाजार तरी कसला, अकरा खुर्च्या, त्यातली एक तीन पायांची. पण फिरवला! मी सातवी नापास, बेचाळीस वर्षं साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस, आणि फिरले कोण? शिकले-सवरलेले!

या लोकांना स्वतःची अक्कल वापरायला बंदी आहे की काय, देव जाणे. सकाळी आले, बूड टेकलं, की एकच सवाल : "बाहेरचा काय करतोय?" बाहेरचा म्हणजे परदेशी गुंतवणूकदार. त्याने काल आपल्याकडचे किती शेअर घेतले, किती फुंकले, सरकार कर्ज काढताना जे कागद विकतं ते रोखे किती उचलले, हा आकडा रोज येतो आणि ऑफिसातला कारकून तो पांढऱ्या फळ्यावर लिहितो. घेतले तर नुसता आकडा, विकले तर त्याच्या आधी वजाची रेघ. पूर्वी विक्री तांबड्यात लिहायचा. तांबडं पेन वाळलं, दलालाने नवीन आणलं नाही, तेव्हापासून सगळं निळ्यात. गप्पा कोटींच्या, आणि पेनाला पैसे नाहीत! मोबाइल आहे हो प्रत्येकाच्या खिशात, पण तो फुलांची चित्रं पाठवायला. विश्वास फळ्यावर!

बरं, या बाहेरच्याला पाहिलंय कोणी? तिथे एक निवृत्त मुख्याध्यापक बसतात, त्यांना विचारलं, "गुरुजी, दिसतो कसा हो हा?" चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तो दिसत नसतो. त्याचा ओघ असतो." ओघ! यांच्या घरी नळाला धार नाही, आणि ओघ! शेजारचा शिंपी म्हणतो, "बाहेरच्याने रोखे घेतले, म्हणजे त्याला आपलं सरकार पसंत आहे." म्हटलं, तुला आहे का? तर म्हणतो, "माझ्या पसंतीला कोण विचारतो!" बघा... स्वतःच्या घराला दार आहे की नाही, हेसुद्धा हे लोक बाहेरच्याला विचारून सांगतील!

आमच्या साबण कंपनीचा पाचवा हिस्सा या बाहेरच्याचा. बॉयलर कुठल्या अंगाला आहे, ठाऊक आहे का त्याला? त्या बॉयलरने माझ्या भुवया दोनदा जाळल्या, त्याची एक तरी जळली का? पण तो शिंकला की भाव खाली, आणि मी शिंकलो की कारकून म्हणतो, "काका, तोंडावर रुमाल धरा."

आता मूळ भानगड ऐका. निवृत्त होताना कंपनीने मला थोडे शेअर दिले, ते मी मोठ्या मनाने बायकोच्या नावावर केले. मोठ्या मनाने म्हणजे... तिने कागद पुढे केला, मी सही केली. आता तिचे दात गेले. सगळे! बिस्किट चहात बुडवते आणि ते विरघळेपर्यंत माझ्याकडे बघत बसते. शेअर विकायचे, कवळी बसवायची, वरची-खालची दोन्ही. दातवाल्याने मापसुद्धा घेतलं. विक्रीची चिठ्ठी सही करून तिने माझ्या खिशात घातली. तीन महिने झाले! गेलं की सगळे म्हणणार, "थांबा काका, बाहेरचा काय करतोय ते बघू." आणि मी? थांबलो ना मीही! हसतो कसला त्यांना... मीही थांबलो!

एके सकाळी बायको म्हणाली, "आज विकून या, नाहीतर मीच जाते." गेलो. सगळ्यांच्या आधी पोचलो. कारकून आकडा लिहून पाणी भरायला गेलेला, खुर्च्या रिकाम्या, आणि फळ्यावर : वजा सातशे चाळीस. म्हणजे विक्री. म्हणजे दिवसभर अकरा सुतकी तोंडं. माझा अंगठा शिवशिवला हो... जन्माची खोड! एक रेघ, एवढीशी. पुसली.

मग काय सांगू! गुरुजी आले, चष्मा चढला, "आला! ओघ आला!" शिंपी फोनवर ओरडतोय, "घे, घे, बाहेरचा घेतोय!" मला हसू आवरेना, म्हणून समोरच्या टपरीवर गेलो. दोन चहा झाले, टपरीवाल्याला नक्कल करून दाखवली, त्याने पुन्हा करायला लावली... आणि चिठ्ठी खिशातच.

घरी आलो तर बायको दारात, चेहरा उजळलेला. "तुमची वाट बघून मीच मागच्या गल्लीने गेले होते विकायला. सगळे म्हणाले, वहिनी, वेड्या का तुम्ही, बाहेरचा घेतोय! नाही विकले. तुम्ही तीन महिने थांबलात, तेच शहाणपणाचं. मी उगाच चिडत होते हो." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला शहाणा म्हणाली! आता अशा वेळी कोण तोंड उघडेल? तुम्ही उघडाल? मग म्हणाली, "अंगठ्याला निळं काय लागलंय?" म्हटलं, "पेन गळलं."

दुसऱ्या दिवशी वजा नऊशे. तिसऱ्या दिवशी विचारूच नका, आणि बाहेरचा निघाला तो आमच्या साबणावर पाय देऊनच निघाला, भाव घसरून निम्म्यावर! चौथ्या दिवशी बायको स्वतः गेली, होते ते शेअर विकून आली. दातवाला म्हणतो, "एवढ्यात एकच कवळी होईल. वरची की खालची, ठरवा."

मी तापलो. म्हटलं, "चूक तुझी नाही, त्या अकरा बैलांची! ज्याचं तोंड कोणी पाहिलं नाही, त्याच्या भरवशावर बाजार! बाहेरचा काय करतोय, बाहेरचा काय करतोय... असल्या माणसावर विश्वास ठेवायचाच कशाला?"

तिने बिस्किट चहात बुडवलं. शांतपणे माझा हात ओढला, अंगठा उजेडाकडे उलटा केला, आणि म्हणाली, "कारकून सांगत होता, त्या दिवशी फळ्यावरची रेघ कोणीतरी पुसली म्हणून. अहो, तुमच्यापेक्षा तो बाहेरचा परवडला. तो जे काही करतो, ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून तरी येतं!"