बेकरीचा सीन

—नाही नाही, रुचिता मॅडम, गोडाऊन देणारच होतो की! काशीमीऱ्यात एवढी उंच शेड, ट्रक थेट आत येतो, शूटिंगला अशी दुसरी कुठे मिळणार? आणि पिक्चर दंगलीवर आहे म्हणून ह्या दशरथचा, म्हणजे माझा, विरोध—छे! आमची बायको म्हणते, माणसं जळून मेली, त्यावर कॉमेडी कसली करतात, पाप लागेल. मी म्हटलं, अगं, नवीन पोरं आहेत, त्यांच्या पद्धतीने करतायत, करू दे. म्हणून तर स्क्रिप्टचे कागद मागितले वाचायला. पण हा बेकरीचा सीन—आत आग, बाहेर टेपवर लग्नातली गाणी, जमाव ठेका धरतोय, आणि बाहेरून कडी लावणारा म्हणतो, "चाचा, आज दुकान बंद!"—आणि सगळे हसतात. हे कुठून आणलंत? डोक्यातून? असं सुचत नाही हो कोणाला.

रडके पिक्चर मी पण बघितलेत. त्यात मारणारे कसे—लाल डोळे, दात-ओठ खातायत, मागे ढोल. थेटरात मी पण रडलोय, बायकोच्या शेजारी बसून, रुमाल काढून. त्यात आपण कुठे असतो? कुठेच नाही. पण तुमचं हे—ह्यात लोक आधी पोट धरून हसतील, आणि मग कळेल कशावर हसलो ते. तसंच झालं होतं, ब्याण्णवला. इद्रिसचाचा आतून दार बडवत होता—रोज सकाळी माझ्यासाठी गरम पाव बाजूला काढून ठेवायचा तो माणूस—आणि मी बोलून गेलो. मुद्दाम नाही हो, सहज, जिभेवर आलं. एवढे हसले सगळे, की मला बरं वाटलं. बरं वाटलं, मॅडम—

म्हणजे मी नाही. तिथे एक होता.

काय? तुमची आजी? बेकरीसमोरच्या माडीवर राहायची? पण सगळ्या खिडक्या बंद होत्या. मी वर मान करून एक-एक बघितली होती. कोणी नाही बघितलं.

नुसतं ऐकलं? एवढ्या वर्षांनी कोणाचा आवाज कोण ओळखणार—आणि हा तुमचा फोन मघापासून टेबलावर उलटा का ठेवलाय? कोण आहे त्यावर?

मॅडम, कोण आहे?

उचला तो. उचला आणि निघा. मी आता एक शब्द बोलणार नाही.