नारळ मी दिला व्हता

मी थळची, बाय. माजा आजा, बाप, भाऊ, सगळी दर्यावर जगलेली, आनि लगीन होऊन आले ती इकडं मुरुडच्या बाजूला. माजी जीभ म्हंजे कोयती, हे माजी आयच बोलायची, सासरी कशी नांदशील म्हनून रडायची, पन मी नांदले, चांगली तीस वर्षं नांदले, डोक्यावर पाटी घेऊन म्हावरं इकलं, दोन पोरींची लग्नं केली, आनि माजा नवरा, त्यांना सगळा गाव नाखवाच बोलतो, त्यांनी माज्यावर एकदा बी हात उचलला न्हाय. हे पयलं लिही. टीव्हीवर येवढी लोकं बोलली, पन हा मानूस घरात कसा हाय हे कुनी इचारलं न्हाय.

म्हावरं कमी झालं तशी आमच्यातली बरीच लोकं पावन्यांना बोटीत बसवायला लागली, शनवार-रयवार, मुंबई-पुन्याची लोकं येतात, त्यांना डॉल्फिन दावायचं आनि परत आनायचं. नाखवांना ते आवडायचं न्हाय. बोलायचे, जाळं टाकनारा मानूस मी, आता काय मासा बोटानं दावत फिरू. पन करायला लागले. मीच मागं लागले, खोटं कशाला बोलू.

दिवाळीची सुट्टी व्हती. जेटीवर ही गर्दी. बोटीला परवानगी सातांची, आनि बसवली बारा. जाकिटं आठ. आता तू मला सांगशील की ही चूक हाय, तर व्हय, चूक हाय, शंभर वेळा चूक हाय, मी कवाच न्हाय बोलले न्हाय. सगळेच बसवतात हे काय उत्तर न्हाय. त्यातल्या दोन पोरी, सख्ख्या बहिनी, पुन्याच्या, जाकीट नको बोलल्या, फोटो चांगला येत न्हाय म्हनून. नाखवांनी पोरांना बघून जाकिटं दिली आनि ह्या दोघींना तशाच बसवल्या. डाफरायला पायजे व्हतं. माज्यावर डाफरत न्हाईत तर परक्यांच्या पोरींवर काय डाफरतील.

खाडीच्या तोंडाला डॉल्फिन दिसला आनि सगळी एका अंगाला धावली. तेवढ्यात लाट आली. बोट कलंडली. नाखवांनी एकेकाला वढून बोटीच्या पालथ्या बुडावर चढवलं, धा मानसं वाचवली, नाकातनं रगत येईपर्यंत बुड्या मारत व्हते, शेवटी दुसऱ्या बोटवाल्यांनी धरून वर घेतलं. त्या दोघींतली धाकटी त्यांच्याच हाताला लागली, पन गेलेली. थोरली दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला आली.

पोलिसांनी निष्काळजीपनाचं कलम लावलं. वकील बोलले, ह्याला फार तर दोन वर्षं, जामीन व्हतो. झाला पन जामीन. नाखवा घरी आले आनि भिताडाकडं तोंड करून बसले. जेवायला बी उठेनात.

पन त्या थोरलीनं बोट कलंडायच्या आधी मोबाईलवर व्हिडिओ काढून नेटवर टाकला व्हता. केस उडतायत, बहिनीच्या गळ्यात हात, हसतेय. काय गोड पोर गं. तो व्हिडिओ सगळ्या देशानं बघितला. मी सोता बघितला आनि रडले. आनि मंग टीव्हीवाल्यांच्या गाड्या आल्या, वर छत्र्या लावलेल्या, आमच्या गल्लीत मावेनात. आमच्या दाराम्होरं उभं ऱ्हाऊन कोन कोन बोलतंय, मृत्यूचा नाखवा. एक पोरगी, माज्या धाकटीच्या वयाची, माईक माज्या तोंडात घालून इचारते, तुम्हाला लाज वाटते का? मी बोलले, वाटते गं बाय, तुजी पन वाटते. ते काय दावलं न्हाय त्यांनी.

आता ऐक. हे मी कुनाला सांगितलेलं न्हाय. आमच्यात रीत हाय, दर्यानं बोटीवरचा मानूस नेला की घरच्या बाईनं नारळ द्यायचा, आनि नाखवानं अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, बोटीला कुंकू लावून तो दर्याला द्यायचा. माफी मागायची. बाबा, माजी चूक झाली, जे गेलंय त्याला जागा दे, भटकत ठेवू नको. माजा दीर बुडाला तवा सासूनं दिला व्हता. नाखवा नको बोलले. बोलले, मला त्या बोटीकडं बघवत न्हाय. मी ऐकलं न्हाय. बोलले, त्या पोरी तुमच्या बोटीवरनं गेल्या, त्यांचं कोन करनार? सदरा मी काढून दिला, टोपी मी घातली, नारळ मी हातात दिला. बोट पोलिसांनी जप्त करून जेटीलाच बांधून ठेवली व्हती, पोलीस उभा व्हता, तो पन बोलला, जा काका, घाला गाऱ्हानं.

कोनीतरी लांबनं शूटिंग केलं. दुपारपासनं टीव्हीवर तेच. पांढरा सदरा, बोटीला कुंकू, नारळ. दोन पोरींच्या चिता विझल्या न्हाईत आनि हा बोटीची पूजा करतोय, उद्यापासनं धंदा चालू. गाऱ्हानं कुनाला ऐकू येनार, लांबचं शूटिंग. दोन दिवसांत पुन्यात मेनबत्त्या घेऊन लोकं रस्त्यावर, कोन पुढारी बोलले फाशी द्या, आनि पोलिसांनी कलम बदललं. सदोष मनुष्यवध. जामीन गेला, नाखवा आत गेले. बोटीत मानसं तेवढीच, जाकिटं तेवढीच. कलम मात्र वाढलं.

केस उभी ऱ्हायली तवा मी वकिलाला बोलले, मला उभी करा, मी सांगते नारळ कशाचा व्हता. तर ते बोलले, ते टीव्हीवरचं केसच्या कागदावर आलेलंच न्हाय, आपन कशाला आनायचं. नाखवा पन बोलले, हिला मधी आनू नका, उद्या परत हिच्या दाराम्होरं गाड्या येतील. आनि निकालात काय, आरोपीला पश्चात्ताप झालेला दिसत न्हाय, आनि समाजात संदेश गेला पायजे. सात वर्षं. मी वकिलाला इचारलं, कागदावर नव्हतं तर पश्चात्ताप न्हाय हे जज्जसाहेबांना कुठं दिसलं?  तर वकील बोलले, वहिनी, साहेबांच्या घरी पन टीव्ही असतो. आता त्यामुळंच झालं का, ते साहेबांनाच ठावं. आनि संदेश पाठवायला माजाच नवरा गावला व्हय त्यांना.

कारन आदल्याच वर्साला पलीकडच्या खाडीत होडी बुडाली व्हती. मजुरीला जानाऱ्या तीन कातकरी बाया गेल्या. होडीवाला प्यायलेला. पेपरात चार ओळी. त्याच्यावर निष्काळजीपनाचंच कलम, त्याला दीड वर्ष झालं, ते भोगून आलाय आनि होडी हाकतोय. बाजारात मला दिसला की मी तोंड फिरवते. पयलं मला वाटायचं, त्याला दीड तर आमाला सात का? आता वाटतं, त्या तीन बायांची किंमत तरी कुठं केली कुनी. कॅमेरा आला की सात, न्हाय आला तर दीड. ह्याला न्याय म्हनायचं का काय म्हनायचं, तू शिकलेली हायस, तू सांग.

निकालाच्या दिवशी त्या पोरींची आय बाकड्यावर बसली व्हती. माज्याच वयाची. मला वाटलं, जावं, पाय धरावेत, सांगावं की बाय, तो नारळ तुज्या पोरींसाठी व्हता. दोन पावलं टाकली पन, तर माईकवाले मधी घुसले, आनि मी मागं सरले. भ्याले. येवढी कोयती जीभ, पन भ्याले.

भेटायला जाते म्हयन्याला. काचेपलीकडनं नाखवा इचारतात, कोळंबी किती मिळते? दुसरं बोलत न्हाईत. मी पन नारळाचा इषय काढत न्हाय. एकदा ते आपनहून बोलले, तू चांगल्यासाठीच केलंस. तवापासनं जास्त लागतं मला ते.

आता अपील हायकोर्टात हाय. वकील बोलले, टीव्हीवाले इसरलेत हे आपल्या फायद्याचं हाय, गप ऱ्हावा, लोकं जेवढी इसरतील तेवढं बरं. म्हनून तुला दोन वेळा दारातनं परत धाडली, तिसऱ्यांदा आलीस तवा पोटात ठेववेना, राग मानू नको, तुजं भलं होवो. माजं नाव तेवढं घालू नको. मी रोज सकाळी देवीम्होरं हात जोडते आनि मागते, आमाला लोकांच्या ध्यानातनं काढ. पन आमाला इसरायचं म्हंजे त्या दोन पोरींना पन इसरायचं, ते काय येगळं ऱ्हातंय? तिकडं पुन्याला त्यांची आय मागत असंल, माज्या पोरींना कुनी इसरू नका. तिचं ऐकलं तर नाखवा आतच म्हातारे व्हनार. माजं ऐकलं तर तिच्या पोरी परत बुडाल्या. हे मला समदं कळतंय, बाय, आनि तरी सकाळी उठून मी तेच मागते.