बिनधुराचा विस्तव

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. हात वर करायचा नाही, फक्त मनात उत्तर द्यायचं.

वाईट मनानं केलं ते पाप, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पण चांगल्या मनानं केलं — माया ओतून, देवाचं नाव घेऊन केलं — आणि त्यानंच कुणाच्या गळ्याला फास लागला, तर? ते पाप कुणाच्या नावावर?

अहो, माना कसल्या डोलावता? अजून मी काही सांगितलंच नाही!

घाटाखाली सावरकोंड नावाचं गाव. पौष महिना. थंडी अशी, की तांब्यातलं पाणी तोंडात घेतलं तर दात हाका मारतात. त्या गावात द्वारकाबाई. लेक शैला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठव्या दिवसाची बाळंतीण, कुशीत मुलगी. आणि द्वारकाबाईला एकच ध्यास — माझ्या लेकीला वारा लागता कामा नये!

बायांनो, तुम्हाला ठाऊक आहे काय काय करतात ते. कान बांधले. दाराला आतून गोधडी टांगली. झरोका होता वितभर — त्यात चिंध्या कोंबल्या! मुंगीनं आत यायचं म्हटलं तरी द्वारकाबाईची परवानगी लागावी! आणि बाजेखाली शेगडी. अंगाला शेक हवा ना?

आता शेगडीत आधी होती लाकडं. ओली लाकडं! धुरानं बाळ खोकायला लागलं. त्या दिवसांत घरी एक बुवा उतरले होते, सप्ताहाला आलेले. द्वारकाबाईनं हात जोडले. "बुवा, धुरानं पोर कासावीस होते हो. काय करू?"

बुवांनी डोळे मिटले. — मिटायलाच लागतात, त्याशिवाय उत्तर मोठं वाटत नाही! — आणि म्हणाले, "बाई, लाकूड बंद करा. कोळसा घाला. कोळशाला धूर नसतो. निर्धूर विस्तव म्हणजे सात्त्विक विस्तव!"

हसू नका, हसू नका. द्वारकाबाई हसली नाही. तिनं पायावर डोकं ठेवलं. लाकडं गेली, कोळसा आला. बाळाचा खोकला थांबला. बुवांना दोन वेळा शिरा!

दुसऱ्या दिवशी शैला म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय."

"अशक्तपणा आहे गं."

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मळमळतंय. पायांत जीवच नाही."

"थंडी शिरली असेल. आणखी चार कोळसे घालते."

घातले हो! आईनं स्वतःच्या हातानं घातले! आणि चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला द्वारकाबाई सगळ्यांना कौतुकानं सांगते, "आज मायलेकी कशा गाढ झोपल्यात! पोरगी पहाटेपासून रडली नाही."

दहा-बारा दिवसांचं पोर पहाटेपासून रडलं नाही! आणि कुणाला काही वाटलं नाही, मंडळी! मला आज सांगताना काटा येतो. बघा हा हात!

तेवढ्यात परसात हाक आली. "बाय, कोळसा आनलाय." कातकऱ्यांची बारकी. रानात भट्टी लावायची, कोळसा पाडायचा, डोक्यावर पाटी घेऊन विकायचा — हा तिचा धंदा. घरात यायचं नाही, पडवीच्या खालीच थांबायचं, हा आपला शहाणपणा!

द्वारकाबाई आतूनच म्हणाली, "ठेव तिथंच."

"येवढा कोळसा तीन दिसांत सरला? कुठं जाळताव?"

"शैलाच्या बाजेखाली."

बारकी एक पाऊल पुढं आली. मग हळूच विचारते, "आन झरोका?"

"बुजवलाय की! वारा लागेल ना."

पाटी पडली! अंगणभर कोळसा! बारकी ओरडली, "दार उघड! अगं बाय, दार उघड! माझी थोरली भैन खोपीत निखारे घेऊन अशीच निजली व्हती. ती उठलीच न्हाय! लाकडाचा धूर बरा, त्यो डोळ्यांत जाऊन सांगतो, पळ म्हनून. कोळसा सांगत न्हाय! गुमान मारतो!"

आणि धावली. पडवी ओलांडली, ओटी ओलांडली. खोलीच्या दारात बुवा उभे! दोन्ही हात आडवे! "थांब! तू आत कुठं? बाळंतिणीची खोली आहे. वारा लागेल, विटाळ होईल!"

बारकीनं काय केलं? बुवांना ढकललं! उपरणं एकीकडं, बुवा एकीकडं! गोधडी ओढली, झरोक्यातल्या चिंध्या उपसल्या, पेटती शेगडी पदरानं धरून अंगणात फेकली. हात भाजले. शैलाला ओढत ओटीवर आणलं — मान लुळी! बाळाला उताणं तळव्यावर घेतलं, तळपाय चोळले. चोळत राहिली, चोळत राहिली...

आणि पोर रडलं.

जीपमधून सरकारी दवाखान्यात नेलं. नळीनं प्राणवायू दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू साठला होता, त्याला ना रंग ना वास; आणखी घटकाभर गेली असती तर दोन तिरड्या बांधाव्या लागल्या असत्या. चार दिवसांनी मायलेकी घरी आल्या. वाचल्या!

हं, टाळ्या थांबवा. मघाशी त्या बुवांना हसलात ना? पोटभर हसलात? तो बुवा मी आहे.

मीच! डोळे मीच मिटले होते. कोळशातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण 'ठाऊक नाही' म्हणायची लाज वाटली. आणि ज्या बाईला सगळं ठाऊक होतं, तिच्यापुढं हात आडवे केले. द्वारकाबाईची नुसती माया होती हो. पाप माझ्या नावावर!

म्हणून आधी हे करा. घरी जा, शेगडी असेल तर बाहेर काढा, झरोका मोकळा करा. मग देवाला हात जोडा. आणि न कळणाऱ्या गोष्टीला बुवा 'हो' म्हणाला, तर त्यालाही उलट विचारा.

पण थांबा, उठू नका. आज दुपारी तुमच्या बाजारात मला बारकी भेटली. मी म्हटलं, कीर्तनाला ये. ती आलीये. बघा मागं! मांडवाच्या बाहेर, तुमच्या चपलांपाशी बसलीये. हातावरचे डाग अजून आहेत.

का बसली असेल बाहेर? कुणी हात आडवे केले?

दशरथमामा, पखवाजावरचे हात उचला. मंडळी, सरका जरा. पुढं जागा करा. ती इथं येऊन बसेपर्यंत मी देवाचं नाव घेणार नाही.